ऑफर कोणती खरी? नको असलेले मेल गाळताना

नागपुरातल्या एखाद्या संत्रा व्यापाऱ्याला एकाच सकाळी दोन मेल येतात, असं समजा. एक, ‘स्पेशल ऑफर, आजच पैसे भरा’. दुसरा, ‘आंबिया बहाराच्या मालाची तुमची ऑफर कळवा, गाडी उद्या कळमना बाजारात लागेल’. ‘ऑफर’ दिसली की मेल बाद, हा नियम लावला तर सौदाही बाद. शिवाय फसवणारा ‘ऑ.फ.र’ असं लिहून निसटतोच. निव्वळ शब्दांच्या यादीवर विसंबणं म्हणूनच धोक्याचं.

दुसरा मार्ग काळ्या यादीचा. मेल पाठवणाऱ्या सर्व्हरचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा त्याचा क्रमांक) बदनाम असेल, तर मजकूर उतरवून घेण्याआधीच दार बंद. काम झटपट आणि स्वस्त. पण स्वस्त होस्टिंगवर एकच आयपी अनेकजण वापरतात. शेजाऱ्याने कचरा पाठवला की तुमचं बिलही अडकतं.

ग्रेलिस्टिंगमध्ये अनोळखी सर्व्हरला ‘थोड्या वेळाने या’ असं सांगतात. नियमाने चालणारा सर्व्हर पुन्हा येतो, घाईत लाखो मेल फेकणारा बहुधा येत नाही. मात्र दहा मिनिटांत संपणारा ओटीपी यात वाया जातो.

एसपीएफ (या डोमेनच्या, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाने मेल पाठवायची या सर्व्हरला परवानगी आहे का), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (या दोन्हींचा मेलवर दिसणाऱ्या पत्त्याशी मेळ) ओळख तपासतात, हेतू नाही. ठगाने स्वतःचं डोमेन घेऊन सगळं नीट लावलं, तर तोही पास होतो. उलट, खरा मेल दुसऱ्या सर्व्हरवरून फॉरवर्ड झाला की एसपीएफ बहुधा फसतं, कारण आता पाठवणारा आयपी वेगळा असतो. मजकुराला हात लागला नसेल, तर डीकेआयएमची सही तेवढी टिकते.

मजकुराची खरी पारख बेझच्या पद्धतीत, म्हणजे शब्द मोजून शक्यता काढण्याच्या गणितात होते. आपल्याच पेटीतले १,००० नको असलेले आणि १,००० कामाचे मेल घ्या. समजा, ‘ऑफर’ पहिल्या गठ्ठ्यात ३०० मेलमध्ये सापडली, दुसऱ्यात १५०. म्हणजे पारडं २ : १ ने स्पॅमकडे. ‘कळमना’ मात्र पहिल्या गठ्ठ्यात फक्त २, दुसऱ्यात १२०. म्हणजे १ : ६०. दोन्ही गुणोत्तरांचा गुणाकार २ : ६०, अर्थात १ : ३०. ‘ऑफर’ असूनही तो मेल स्पॅम असण्याची शक्यता जेमतेम ३ टक्के उरते. कळमना हा शब्द दुसऱ्या कुणाच्या पेटीत काहीच सांगणार नाही. या पद्धतीची सगळी ताकद त्यातच आहे.

इथे एक खाचही आहे. एखादा शब्द कामाच्या गठ्ठ्यात एकदाही आला नसेल, तर शून्याने गुणून बाकी सगळे पुरावे पुसले जातात. म्हणून प्रत्येक मोजणीत थोडी भर घालतात, बहुधा १ ची.

स्पॅमअसॅसिनसारखा फिल्टर या सगळ्या चाचण्यांचे गुण एकत्र करतो आणि मूळ मांडणीत ५ गुणांना मेल स्पॅम ठरवतो. त्याचा बेझ भाग दोन्ही प्रकारचे किमान २००-२०० मेल शिकल्याशिवाय सुरूच होत नाही. फक्त कचरा दाखवून भागत नाही, बाजारभावाचे, बिलांचे, ट्रान्सपोर्टचे, मराठीतले मेलही शिकवावे लागतात. सुरुवातीला मेल पुसू नयेत, स्पॅम फोल्डरमध्ये टाकावेत. जीमेल वापरत असाल तर ते फोल्डर निदान आठवड्यातून एकदा चाळा आणि चुकून गेलेल्या मेलवर ‘स्पॅम नाही’ दाबा. ३० दिवसांनी तिथलं सगळं आपोआप पुसलं जातं.