टॉनिकची बाटली आणि चर्चचं पाकपुस्तक

१८७३ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, डेटन या गावी, फर्स्ट प्रेस्बिटेरियन चर्चच्या बायकांनी पाककृतींचं एक पुस्तक छापलं. प्रेस्बिटेरियन हा प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांमधला एक पंथ. निधी उभारण्याचा हा मार्ग तेव्हा नवा होता. यादवी युद्धातल्या सैनिकांच्या मदतीसाठी १८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या जत्रेत असं पुस्तक विकलं गेलं होतं. युद्ध संपल्यावर ही कल्पना गावोगावच्या चर्चनी उचलली. कॅनडात १८७७ साली टोरांटोच्या मुलांच्या रुग्णालयासाठी, तर ऑस्ट्रेलियात १८९०च्या दशकात प्रेस्बिटेरियन मिशनच्या कामासाठी अशी पुस्तकं निघाली. सूप, पाव, लोणची, केक हा मजकूर सगळीकडे जवळपास सारखाच. त्या काळच्या गावाचं आरोग्य समजून घ्यायचं तर मात्र दोन ठिकाणं वाचावीत: शेवटचं ‘आजाऱ्यांसाठी पदार्थ’ हे प्रकरण आणि पानापानांमध्ये पेरलेल्या जाहिराती.

आधी पैशाचं गणित पाहू. समजा ५०० प्रतींच्या छपाईला १५० डॉलर लागणार आहेत. बायका बाजारपेठेत दुकानोदुकानी फिरून पाच डॉलरला एक पान या दराने तीस पानं विकतात. छपाई तिथेच फिटते. मग प्रत पन्नास सेंटला विकली तर सगळे अडीचशे डॉलर निव्वळ हातात, आणि शंभर प्रती पडून राहिल्या तरी तोटा नाही. पथ्य एकच, जाहिरातीचे पैसे छपाईआधी वसूल करायचे. उधारीवर पान दिलं आणि दुकानदाराने हात वर केले, तर छापखान्याचं बिल मंडळाच्या गळ्यात पडतं. हा पैसा चर्चच्या छपरासाठी, ऑर्गनसाठी किंवा परदेशी मिशनसाठी जाई. सोडत आणि लॉटरी अनेक प्रेस्बिटेरियनांना जुगारासारखी वाटे, त्यामुळे पुस्तक, सामुदायिक जेवण आणि दहा-दहा सेंट घेऊन गावकऱ्यांची नावं भरतकामात गुंफलेली गोधडी हे मार्ग त्यांना जवळचे होते. प्रेस्बिटेरियन बायकांची परदेशी मिशनसाठीची संस्था फिलाडेल्फियात १८७० साली स्थापन झाली. त्याच वर्षी कोल्हापूरचं मिशन परदेशी मिशनचं काम पाहणाऱ्या प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे आलं. १८८९ मध्ये याच बोर्डाने पाठवलेले डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उघडलं. समुद्रापारच्या चर्चमधली वर्गणी या बोर्डाच्या तिजोरीत येत होती.

जाहिराती कोणाच्या? कोळसा आणि बर्फ विकणारे, भाड्याने घोडागाडी देणारे, दंतवैद्य, छायाचित्रकार, बँक, आणि लाकडी सामानाचा कारागीर. हा कारागीर बहुधा शवपेट्याही बनवी आणि अंत्यविधीची व्यवस्थाही पाही. पण पुस्तकाशी सगळ्यात घट्ट नातं औषधविक्रेत्याचं. स्वयंपाकाचा अर्धा रासायनिक माल त्याच्याकडेच मिळे: खाण्याचा सोडा, क्रीम ऑफ टार्टर, व्हॅनिला अर्क. जुन्या पाककृतींत दोन चमचे क्रीम ऑफ टार्टरला एक चमचा सोडा लागे. पहिलं आम्ल, दुसरा अल्क, आणि दोघांच्या संयोगातून सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडने केक फुगे. क्रीम ऑफ टार्टरमध्ये भेसळ निघाली की सोडा शिल्लक राही आणि केकला साबणासारखी चव येऊन तो पिवळट पडे. म्हणून ‘शुद्ध माल’ हे त्या जाहिरातीतलं महत्त्वाचं आश्वासन होतं. त्याच पानावर, त्याच शुद्धतेच्या आधाराने, टॉनिकही विकलं जाई.

घरगुती टॉनिकांत मानाचं स्थान ‘बीफ टी’ला होतं. चरबी काढलेलं सुमारे अर्धा किलो मांस बारीक चिरायचं, बरणीत थंड पाण्यात भिजवायचं, बरणी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून दोन-तीन तास तापवायची, उकळू द्यायचं नाही, आणि मग गाळायचं. अडचण नेमकी गाळण्यात आहे. मांसातली प्रथिनं ५० ते ७० अंश सेल्सिअसच्या दरम्यान गोठतात आणि फडक्यात अडकून राहतात. खाली उतरतात ते क्षार, क्रिएटीनसारखे छोटे रेणू आणि सुवास. रोग्याला वास आवडे, भूक लागल्यासारखं वाटे, पोटात गरम पाणी आणि मीठही जाई. अशक्त माणसाला एवढ्यानेही हुशारी येते. पण एक पेला दुधात जी सातआठ ग्रॅम प्रथिनं असतात, तेवढी या काढ्यात नसत. केवळ बीफ टीवर ठेवलेला टायफॉइडचा रोगी उपाशीच राही.

आता बाटल्यांकडे वळू. मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावचं लिडिया पिंकहॅम यांचं ‘व्हेजिटेबल कंपाउंड’ हे बायकांसाठीचं टॉनिक १८७५ पासून बाजारात होतं. त्याचं सूत्र आज उघड आहे: सुमारे शंभर पाइंट (एक पाइंट म्हणजे ४७३ मिलिलिटर) द्रवात मेथीचे दाणे १२ औंस, युनिकॉर्न रूट ८ औंस, आणि लाइफ रूट, ब्लॅक कोहॉश, प्लुरिसी रूट या औषधी मुळ्या प्रत्येकी ६ औंस. बाकी पाणी आणि १८ ते २० टक्के अल्कोहोल. डेटनपासून फार लांब नसलेल्या कोलंबस शहरात डॉ. सॅम्युएल हार्टमन ‘पेरुना’ हे टॉनिक बनवत, त्यात सुमारे २८ टक्के अल्कोहोल. पिट्सबर्गच्या ‘होस्टेटर्स बिटर्स’मध्ये तर व्हिस्कीच्या जवळ जाणारं प्रमाण असे.

हे अल्कोहोल केवळ नशेसाठी घातलं जाई असं म्हणणं अन्यायाचं होईल. मुळ्यांमधली राळ आणि बरीचशी अल्कलॉइडं, म्हणजे शरीरावर परिणाम करणारी वनस्पतींतली द्रव्यं, नुसत्या पाण्यात नीट उतरत नाहीत. पाण्यातला काढा उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत आंबतो. अल्कोहोल १८ टक्क्यांच्या आसपास गेलं की यीस्ट आणि बहुतेक जिवाणू वाढू शकत नाहीत. शेरी-पोर्टसारखी वाइन उघड्या बाटलीतही बरेच दिवस टिकते ती त्यामुळेच. आपल्याकडच्या आसव-अरिष्टांत अल्कोहोल आंबवण्यातूनच तयार होतं, म्हणून ते साधारण १२ टक्क्यांच्या आतच राहतं. दुसरा मार्ग साखरेचा. एक लिटर पाकात ८५० ग्रॅम साखर असली, तर जंतूंना वापरता येईल असं मोकळं पाणीच उरत नाही. पाक पातळ राहिला तर बूच उडतं, जास्त घट्ट झाला तर तळाशी खडे धरतात. पण साखरेच्या पाकात राळ विरघळत नाही, आणि अल्कोहोलइतकी तरतरीही येत नाही.

ती तरतरी किती? वीस टक्क्यांच्या टॉनिकचा एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर. त्यात ३ मिलिलिटर अल्कोहोल, वजनाने सुमारे २.४ ग्रॅम. दिवसातून चार-पाच वेळा घेतलं तर १० ते १२ ग्रॅम, साधारण एक छोटी बाटली बिअर. त्यातही टॉनिक जेवणाआधी, रिकाम्या पोटी घ्यायचं असे. अन्न नसल्यामुळे अल्कोहोल लवकर लहान आतड्यात पोहोचतं, रक्तवाहिन्या रुंदावतात, अंगात ऊब येते, ताण सैलावतो. कडू मुळ्यांनी लाळ सुटते आणि भूक चाळवते. थकलेल्या बाईला दहा मिनिटांत ‘बरं वाटलं’, हा अनुभव खराच होता. चूक होती ती त्याचं श्रेय मेथीला आणि मुळ्यांना देण्यात. शिवाय लाइफ रूट ही वनस्पती पायरोलिझिडीन अल्कलॉइडं बाळगून असते. ती यकृताच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा करतात. ती इजा साठत जाते आणि वर्षांनी उघड होते, त्यामुळे तिचा बाटलीशी संबंध कोणी जोडत नसे.

सगळीच टॉनिकं पोकळ नव्हती, हे ठासून सांगायला हवं. कॅनडात ऑन्टारिओतल्या ब्रॉकव्हिल गावच्या जॉर्ज फुलफर्ड यांनी १८९० मध्ये ‘डॉ. विल्यम्स पिंक पिल्स’चे हक्क अवघ्या ५३ डॉलर १ सेंटला घेतले आणि जगभर विक्री केली. पन्नास सेंटला डबी, सहा डब्या अडीच डॉलरला. अर्धांगवायूपासून संधिवातापर्यंत सगळं बरं होण्याचे दावे खोटे होते. पण गुलाबी साखरेच्या थराखाली फेरस सल्फेट आणि पोटॅशियम कार्बोनेट होतं. फ्रान्समधले डॉ. ब्लो १८३० च्या दशकापासून रक्तक्षयावर हेच मिश्रण देत. दोन्ही एकत्र आले की फेरस कार्बोनेट तयार होतं आणि पोटातल्या आम्लात ते विरघळतं. ब्रिटिश डॉक्टरांच्या संघटनेने १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पृथक्करणात एका गोळीत सुमारे पाऊण ग्रेन (एक ग्रेन म्हणजे ६५ मिलिग्रॅम) सुकवलेलं फेरस सल्फेट निघालं. म्हणजे साधारण १५ मिलिग्रॅम लोह. दिवसाला तीन गोळ्या घेतल्या तर ४५ मिलिग्रॅम. आज आपल्याकडे गरोदर बाईला मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम असतं. निस्तेज, धाप लागणाऱ्या, पाळीत फार रक्त जाणाऱ्या मुलींना या गोळ्यांनी काही आठवड्यांत खरोखर उभारी येत असणार.

बिघडे ते साठवणुकीत. साखरेच्या थराला तडा गेला की हवेतला ऑक्सिजन आत शिरतो, फेरस लोहाचं फेरिक, म्हणजे शरीराला शोषायला कठीण रूप होतं, आतला गाभा हिरवट-राखाडीचा तपकिरी होतो आणि लोह शोषलं जाण्याचं प्रमाण घटतं. फार जुन्या गोळ्या इतक्या टणक होत की पोटातून न विरघळताच बाहेर पडत. लोहाचं द्रवरूप औषध घेताना दुसरीच अडचण येई. फेरिक क्लोराइडच्या अर्कात आम्ल असतं, त्याने दातांवरचं आवरण झिजतं आणि डागही पडतात. म्हणून औषधविक्रेता बाटलीबरोबर काचेची नळी देई, औषध जिभेच्या मागच्या बाजूला सोडायचं आणि वर पाणी प्यायचं. जेवणानंतर लगेच चहा घेतला तर त्यातलं टॅनिन लोह पकडून ठेवतं, ही गोष्ट मात्र लेबलवर नसे.

सगळ्यात धोकादायक टॉनिक प्रतिष्ठित डॉक्टरच लिहून देत. ग्लासगोचे प्राध्यापक जॉन ईस्टन यांच्या नावाने ओळखलं जाणारं ‘ईस्टन्स सिरप’ म्हणजे लोह, क्विनीन आणि स्ट्रिक्नीन. स्ट्रिक्नीन येतं काजऱ्याच्या बियांतून. कोकणातल्या जंगलात वाढणारा, कुचला नावाने आयुर्वेदात ओळखला जाणारा हाच तो काजरा. मज्जारज्जूत ग्लायसीन हा रेणू चेतापेशींना आवर घालतो. स्ट्रिक्नीन ग्लायसीनची जागा अडवतं. आवर सुटला की स्नायू ताठर, सावध होतात आणि माणसाला शक्ती आल्याचा भास होतो. मात्रा वाढली की साध्या आवाजानेही झटके येतात आणि श्वास अडकतो.

या सिरपच्या एका द्रव ड्राममध्ये, म्हणजे साधारण एका चहाच्या चमच्यात, ग्रेनचा बत्तिसावा भाग स्ट्रिक्नीन असे, सुमारे २ मिलिग्रॅम. आठ औंसांच्या बाटलीत ६४ ड्राम, म्हणजे एकूण २ ग्रेन, १३० मिलिग्रॅम. माणूस मरायला ५० ते १०० मिलिग्रॅम पुरतात. आम्लधर्मी पाकात ते विरघळलेलं राहतं तोवर प्रत्येक चमचा सारखा. पण कोणी त्याच बाटलीत अल्कधर्मी औषध मिसळलं, तर मोकळं झालेलं स्ट्रिक्नीन पाण्यात जेमतेम विरघळतं आणि स्फटिक होऊन तळाशी बसतं. झोपेसाठी पोटॅशियम ब्रोमाइड मिसळलं तरी स्ट्रिक्नीनचा कमी विरघळणारा क्षार तयार होऊन हेच घडतं. पहिले साठ चमचे सौम्य, शेवटचे दोन-तीन प्राणघातक. औषधनिर्मितीच्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. ‘हलवून घ्या’ ही सूचना तिथे जीव वाचवणारी होती, आणि त्याहून सुरक्षित म्हणजे दोन औषधं एका बाटलीत न घालणं.

चर्चच्या बायकांपुढचा पेच खरा होता. यांच्यातल्या कितीतरी जणी १८७४ साली स्थापन झालेल्या ख्रिस्ती महिलांच्या दारूबंदी संघात काम करत होत्या. बाटलीवर ‘वनस्पतिजन्य’ एवढंच छापलेलं असे, टक्केवारी लिहायचं बंधन नव्हतं. मग दारूला हात न लावणारी आजी दिवसाला पाच चमचे टॉनिक निःशंकपणे घेई. संघाने पुढे औषधांतल्या अल्कोहोलविरुद्ध स्वतंत्र विभागच उघडला. १९०५ मध्ये ‘कॉलियर्स’ साप्ताहिकात सॅम्युएल हॉपकिन्स ॲडम्स यांची अशा औषधांवरची लेखमाला आली आणि ३० जून १९०६ ला अमेरिकेत शुद्ध अन्न व औषध कायदा झाला. १ जानेवारी १९०७ पासून अल्कोहोल, अफू, मॉर्फीन, कोकेन, हेरॉइन यांचं प्रमाण लेबलवर छापावं लागलं. अफू असलेली बाळांची सिरपं मोठ्या प्रमाणावर उघडी पडली ती याच कायद्यामुळे. मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या आया तान्ह्यांना अफूची गोळी देत, तिथेही कारण हेच होतं: मूल शांत झोपे.

अमेरिकेच्या महसूल खात्याने पेरुनापुढे पर्याय ठेवला: औषध म्हणून विकायचं तर त्यात पुरेसं औषध घाला, नाहीतर दारूचा परवाना घ्या. हार्टमन यांनी सोनामुखी आणि बकथॉर्न ही रेचकं घातली. आता तरतरीसाठी अर्धी बाटली पिणाऱ्याला शौचकूप गाठावा लागे आणि खप घसरला. आपल्याकडे १९५१ मध्ये मुंबई दारूबंदी कायद्यावर सर्वोच्च न्यायालयाने निकाल देताना औषधांतल्या अल्कोहोलवरची बंदी रद्द ठरवली. औषध आणि पेय यांच्यातली सीमारेषा तिथेही आखावी लागली होती.

अल्कोहोल टाळून दुसरा द्रावक घ्यायचा तर तोही तपासावा लागतो. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइड हे औषध डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवून विकलं गेलं. गोड लागणाऱ्या त्या द्रवाने मूत्रपिंडं निकामी होऊन शंभरहून अधिक माणसं गेली. विक्रीआधी सुरक्षितता सिद्ध करण्याची सक्ती १९३८ च्या कायद्याने आली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये ग्लिसरीनमध्ये याच द्रवाची भेसळ झाल्याने १४ रुग्ण दगावले.

अशी जुनी पाकपुस्तकं आता संग्रहालयांच्या आंतरजालावरच्या दालनांत वाचायला मिळतात. टॉनिकची जाहिरात दिसली तर आधी साल पाहा. अमेरिकन लेबलवर १९०७ पूर्वी टक्केवारी नसेल, तर त्यावरून अल्कोहोल नव्हतं असा अर्थ काढू नका. जुनी मापं आजच्या मापांत बदलताना ग्रेन म्हणजे ६५ मिलिग्रॅम, ड्राम म्हणजे साधारण ३.७ मिलिलिटर धरा. पाइंट अमेरिकेत ४७३ मिलिलिटर, तर ब्रिटिश मापात ५६८. ‘प्रूफ’ हा अल्कोहोलचं प्रमाण सांगणारा शब्द आला तर पुस्तक कुठलं ते आधी ठरवा: अमेरिकन १०० प्रूफ म्हणजे ५० टक्के, ब्रिटिश प्रूफ म्हणजे सुमारे ५७ टक्के.