रिकाम्या लिस्टची बेरीज किती? नेस्टेड लिस्टवरच्या ॲग्रिगेटची पार्श्वभूमी

ऑर्डरच्या टेबलात वस्तूंची लिस्ट एकाच कॉलममध्ये ठेवलेली असते. कुणीतरी ती अननेस्ट करतो, म्हणजे लिस्टमधल्या प्रत्येक घटकाची वेगळी ओळ करतो, ग्रुप बायने ओळींचे ऑर्डरनुसार गट पाडतो, बेरजा बरोबर येतात. ज्या ऑर्डरमध्ये एकही वस्तू नाही, ती मात्र निकालातून नाहीशी झालेली असते. एरर येत नाही, त्यामुळे महिनोन्महिने कुणाच्या लक्षातही येत नाही. या चुकीची मुळे बरीच जुनी आहेत.

1970 साली डेटा टेबलांत ठेवण्याचे रिलेशनल मॉडेल मांडले गेले, तेव्हा कॉलमच्या आत आणखी एक रिलेशन (टेबल) असू शकते याची कल्पना होती. ते बाहेर काढून सपाट करावे असा मार्ग तिथेच सुचवला गेला आणि पुढची व्यवहारातली डेटाबेस त्याच वाटेने गेली. ऐंशीच्या दशकात काही संशोधकांनी उलटा विचार केला: लिस्ट आतच राहू द्या आणि टेबलांवरच्या क्रियांच्या बीजगणितात नेस्ट (ओळी गोळा करून आतला संच बनवणे) व अननेस्ट या दोन क्रिया घाला. अननेस्ट केलेले पुन्हा नेस्ट केले तरी मूळ टेबल परत मिळेलच असे नाही, हे त्यांच्याच लिखाणात आहे. आतला संच रिकामा असेल तर अननेस्ट करताना ती ओळच जाते. म्हणजे आजचा बग तेव्हाच कागदावर होता.

1993 मध्ये ऑब्जेक्ट डेटाबेससाठी आलेल्या ओक्यूएल भाषेत आतल्या संग्रहावर थेट सम (बेरीज) किंवा काउंट (मोजणी) लावता येत असे, आधी सपाट करण्याची गरज नव्हती. ती भाषा फारशी रुजली नाही. एसक्यूएल या डेटाबेसच्या प्रमाण भाषेच्या 1999 च्या आवृत्तीत ॲरे (क्रमवार लिस्ट) आणि अननेस्ट आले, 2003 मध्ये मल्टिसेट (क्रम नसलेला, घटक पुन्हा येऊ शकणारा संग्रह) आला. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये अननेस्ट आणि ओळींचा ॲरे बनवणारे ॲरे-ॲग 2009 साली, 8.4 आवृत्तीत आले. जॉइनमधल्या सबक्वेरीला आधीच्या टेबलाच्या ओळीतले कॉलम वापरू देणाऱ्या लॅटरलसाठी 2013 च्या 9.3 पर्यंत थांबावे लागले. या सगळ्यात पद्धत एकच राहिली: आधी सपाट करा, मग अनेक ओळींचे एक उत्तर देणारे नेहमीचे ॲग्रिगेट (सम, काउंट वगैरे) लावा.

इथे एसक्यूएलचा एक जुना निर्णय आडवा येतो. शून्य ओळींवर काउंट 0 देतो, पण सम नल, म्हणजे ‘किंमतच नाही’, देतो. बेरजेची सुरुवात शून्यापासून होते, त्यामुळे रिकाम्या संचाची बेरीज शून्यच असली पाहिजे, असा आक्षेप रिलेशनल सिद्धांत मानणाऱ्यांनी वारंवार घेतला. सरासरी, किमान आणि कमाल यांचे उत्तर रिकाम्या संचावर खरोखरच ठरत नाही, बेरजेचे ठरते. पाचही फंक्शनना एकसारखे वागवण्याचा हेतू असेल, तर काउंटला आधीच वगळलेले आहे. माझ्या मते आक्षेप घेणारेच बरोबर होते. सपाट टेबलांच्या जगात याची झळ कमी बसली, कारण ग्रुप बाय असताना रिकामा गट तयारच होत नाही. नेस्टेड लिस्टमध्ये मात्र रिकामी लिस्ट रोजची गोष्ट आहे.

मग एकाच प्रश्नाची तीन उत्तरे मिळू लागली. क्रॉस जॉइनने, म्हणजे ऑर्डरची ओळ लिस्टमधल्या प्रत्येक घटकाशी जोडून, अननेस्ट केले तर ऑर्डरच गायब. सबक्वेरीत (क्वेरीच्या आतल्या क्वेरीत) सम लावला तर ऑर्डर राहते, बेरीज नल. जोडीदार नसलेली ओळही राखणारे लेफ्ट जॉइन लॅटरल केले तरी ऑर्डर राहते, पण सगळ्या ओळी मोजणारा काउंट स्टार 1 सांगतो, कारण लिस्ट रिकामी असली तरी जॉइनने एक ओळ तयार केलेली असते. त्याऐवजी काउंटला घटकाच्या कॉलमचे नाव दिले तर 0 मिळतो, पण लिस्टमध्ये खरोखर नल असलेले घटकही मोजले जात नाहीत.

डॉक्युमेंट साठवणाऱ्या मोंगोडीबी डेटाबेसने 2012 मध्ये ॲग्रिगेशन फ्रेमवर्क आणले आणि त्यातल्या अनवाइंडने, म्हणजे तिथल्या अननेस्टने, हाच वारसा उचलला: रिकाम्या ॲरेचे डॉक्युमेंट पुढे जातच नाही. ते राखून ठेवण्याचा पर्याय 2015 अखेरच्या 3.2 आवृत्तीत मिळाला. त्याच आवृत्तीत प्रोजेक्ट (फील्ड निवडण्याच्या) टप्प्यातच ॲरेवर सम लावता येऊ लागला आणि रिकाम्या ॲरेला तो 0 देतो. क्लिकहाउस या डेटाबेसमध्ये शून्य ओळींवरचा सम मुळातच 0 येतो. एसक्यूएलच्या प्रमाणाप्रमाणे नल हवा असेल त्यांच्यासाठी वेगळी सेटिंग आहे. आधी 0 आणि मागितला तरच नल, हा क्रम मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

साठवणुकीच्या बाजूने काम जास्त काळजीपूर्वक झाले. 2010 मध्ये मांडलेल्या गूगलच्या ड्रेमेलच्या कॉलम-पद्धतीत डेफिनिशन लेव्हल (किंमत कुठल्या पातळीपर्यंत खरोखर आहे हे सांगणारे आकडे) आहेत, आणि पुढे पार्के या फाइल-प्रकाराने त्याच वापरल्या. लिस्टच नाही, लिस्ट आहे पण रिकामी आहे, किंवा घटक आहे पण नल आहे, या तिन्ही गोष्टी त्यातून वेगळ्या नोंदवता येतात. फाइलला ठाऊक असलेला हा फरक अननेस्ट करताना पुसला जातो.

मोठ्या डेटावर काम करणाऱ्या स्पार्कच्या 2.4 आवृत्तीत, 2018 मध्ये, लॅम्डा (जागीच लिहिलेले छोटे फंक्शन) घेणारी फंक्शन आली. त्यातल्या ॲग्रिगेटला सुरुवातीची किंमत स्वतः द्यावी लागते. 0 दिलात तर रिकाम्या लिस्टचे उत्तर 0, आणि लिस्टच नल असेल तर उत्तर नल. हे योग्य वागणे आहे. एक फरक लक्षात ठेवायला हवा: सम नल घटक वगळतो, पण साध्या अधिक चिन्हाच्या लॅम्डात एक नल आला की पूर्ण बेरीज नल होते.

एसक्यूएलच्या 2016 च्या आवृत्तीतल्या, जेसन मजकुराच्या टेबल-ओळी करणाऱ्या जेसन-टेबलने दिशा थोडी बदलली. त्यातला आतली लिस्ट उघडणारा नेस्टेड पाथ काही न सांगता आउटर जॉइनसारखा (लेफ्ट जॉइन त्यातलाच) वागतो, त्यामुळे पालक ओळ टिकते. आणि शेजारच्या दोन लिस्ट गुणल्या न जाता एकाखाली एक येतात. मायएसक्यूएलमध्ये ते 8.0 पासून आहे, पोस्टग्रेसमध्ये 2024 च्या 17 व्या आवृत्तीत आले. बेरीज अजून नलच येते. ती 0 करण्यासाठी सगळे कोअलेस (नलच्या जागी दिलेली किंमत ठेवणारे फंक्शन) लावतात, आणि मग ज्या ऑर्डरच्या वस्तूंची नोंदच झालेली नाही तिलाही 0 चिकटतो. ते टाळायचे असेल तर लिस्ट नल आहे का, हे कोअलेसच्या आधी केस (अट तपासणारी रचना) लावून तपासावे लागते.