कोकणचा कातळ आणि लेझरची मोजणी

हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर ओहोटीला उघडा पडणारा काळा कातळ दख्खनच्या लाव्हाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा थिजला, तेव्हा त्यातल्या लोहखनिजांनी त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवली. १९५०च्या दशकात ब्रिटिश संशोधकांनी दख्खनच्या दगडांत ती दिशा मोजली. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा कल जागेच्या अक्षांशाप्रमाणे बदलतो; त्यामुळे लाव्हा वाहिला तेव्हा आपला भूभाग विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला होता, असं त्यातून निघालं.

पण जमीन कधीकाळी सरकत आली हे कळणं वेगळं आणि ती आजही सरकते आहे हे मोजून दाखवणं वेगळं. खंड सरकतात हे जर्मन हवामानशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्येच मांडलं होतं. ग्रीनलंडच्या रेखांशांची जुनी-नवी मोजमापं ताडून त्यांनी पुरावाही शोधला. पण त्या काळच्या मोजणीतली चूकच प्रत्यक्ष सरकण्यापेक्षा कितीतरी मोठी. १९३० साली ग्रीनलंडच्या बर्फातच त्यांचा मृत्यू झाला.

वाट सापडली ती लेझरमुळे. जमिनीवरून उपग्रहाकडे प्रकाशाचा अगदी छोटा झोत सोडायचा आणि तो परत यायला लागलेला वेळ मोजायचा. ऑक्टोबर १९६४ मध्ये नासाला हे पहिल्यांदा जमलं. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातो, त्यामुळे घड्याळात जराशी चूक झाली तरी सगळं मुसळ केरात.

४ मे १९७६ रोजी 'लॅजिओस' हा उपग्रह वर गेला. ६० सेंटिमीटर व्यासाचा, ४०० किलोंहून जड धातूचा गोळा. अंगभर ४२६ परावर्तक, किरण जिकडून येईल तिकडेच परत पाठवणारे. आत ना यंत्र, ना बॅटरी. ५,९०० किलोमीटर उंचीवर हवेचा अडथळा जवळजवळ नाही आणि गोळा लहान पण वजनदार, म्हणून त्याची कक्षा फारच अचूक सांगता येते. वेगवेगळ्या खंडांवरची केंद्रं याच गोळ्यापर्यंतचं अंतर वर्षानुवर्षं मोजत राहिली आणि केंद्रांमधली अंतरं बदलताना दिसली. सुमारे तीस लाख वर्षांच्या सरासरीवरून भूशास्त्रज्ञांनी काढलेले वेग आणि हे हयातीत मोजलेले वेग बहुतेक ठिकाणी जुळले. मला तरी या सगळ्या इतिहासातला सर्वांत थरारक क्षण हाच वाटतो.

भारताचा भूपट्ट आज वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो; कोकणपट्टीही त्याच्याबरोबरच. ही रोजची मोजणी आता जीपीएस करतं. पण ज्या पृथ्वीकेंद्रापासून सगळी अंतरं धरायची, ते केंद्र अजूनही मुख्यतः लेझरनेच ठरतं. अरबी समुद्राची पातळी उपग्रहावरून मोजायची तरी आधार त्याचाच घ्यावा लागतो.