ऐंशी वर्षांचा रणगाडा अजून नोकरीत कसा?

जानेवारी २०१९ मध्ये लाओसने तीस टी-३४ रणगाडे रशियाला परत धाडले. जहाजाने व्लादिवोस्तोकला, तिथून रेल्वेने मॉस्कोकडे. दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या सैन्याशी भिडलेलं हे मॉडेल. गंमत म्हणजे हे रणगाडे भंगारातून उचललेले नव्हते, चालू स्थितीत होते आणि लाओसच्या सैन्याच्या सेवेत होते. रशियाला ते संचलनासाठी, संग्रहालयांसाठी आणि सिनेमांसाठी हवे होते. त्याच दशकात येमेनच्या यादवीत मात्र टी-३४ खरे गोळे टाकत होते. पॅराग्वेने तर आपले शेवटचे अमेरिकी शर्मन २०१८ मध्ये निवृत्त केले.

एवढी जुनी यंत्रं चालतात कशी, हा प्रश्न कोकणातल्या मच्छीमाराला फारसा पडणार नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात गेलात, तर इंजिनं उघडून बसलेले मेस्त्री दिसतील. त्यातली कितीतरी इंजिनं मुळात ट्रकची, समुद्रासाठी फेरफार केलेली. नवीन, हलकं, कमी डिझेल पिणारं इंजिन बाजारात असतं, पण तांडेल (बोटीचा म्होरक्या) आधी एकच गोष्ट विचारतो: लायनर, पिस्टन, नोझल गावात मिळतं का आणि बसवणारा कोण? सैन्याचा हिशेबही नेमका असाच असतो.

टी-३४ ८० हजारांहून अधिक बनले आणि युद्धानंतर पोलंड, चेकोस्लोव्हाकियातही त्यांचं उत्पादन झालं. म्हणजे सुट्या भागांचा डोंगर. त्याचं व्ही-२ डिझेल इंजिन १२ सिलिंडरचं, ३८.८ लिटरचं, ५०० अश्वशक्तीचं. ३८.८ हा आकडा लक्षात ठेवा, कारण आपल्या सैन्यातल्या टी-७२ आणि टी-९० या रणगाड्यांची इंजिनं याच घराण्यातली आहेत. क्षमता तीच ३८.८ लिटर, टी-९० मध्ये मात्र त्यातून १००० अश्वशक्ती काढली जाते. कढीपत्त्यासारखं हे इंजिन बहुतेक रशियन रणगाड्यांत पडतंच, असं म्हणायला हरकत नाही.

म्हणून ते यंत्र निर्दोष होतं असं नाही. युद्धकाळात अमेरिकेने ॲबर्डीनच्या चाचणी मैदानावर एक टी-३४ पळवून पाहिला, तर काही शे किलोमीटरमध्येच इंजिन बसलं. एअर फिल्टर इतका सुमार होता की धूळ सरळ सिलिंडरमध्ये जायची. गिअर टाकायला ताकद लागायची ती वेगळीच. शर्मन या बाबतीत जास्त शहाणा: त्याची सस्पेन्शनची बोगी, म्हणजे चाकांच्या जोडीचा सांगाडा, बाहेरून बोल्टांनी बसवलेली असते. सुरुंगाने एखादी उडाली, तर बोल्ट काढायचे आणि दुसरी लावायची. उघड्या मैदानात, साध्या हत्यारांनी होणारं काम.

आता चिलखत. टी-३४ च्या पुढच्या पत्र्याची जाडी फक्त ४५ मिलिमीटर, पण तो उभ्या रेषेपासून ६० अंश कललेला आहे. समोरून आडव्या येणाऱ्या गोळ्याला त्यातून तिरकं जावं लागतं आणि ते अंतर भरतं ९० मिलिमीटर. पत्रा जाड न करता गोळ्याची वाट लांबवायची ही भूमिती १९४१ मध्ये जर्मनांना चांगलीच नडली. पण १९६१ मध्ये सेवेत आलेल्या आरपीजी-७ या रणगाडाभेदी रॉकेट-नळीपुढे ती चालत नाही. तिच्या स्फोटकाच्या तोंडाशी धातूचा शंकू असतो. स्फोटाने त्याची सेकंदाला काही किलोमीटर वेगाची बारीक धार होते आणि अडीचशे मिलिमीटरहून जाड पोलाद भेदते. खांद्यावरच्या नळीने एक माणूस टी-३४ संपवू शकतो.

तरीही रायफलच्या गोळ्यांना आणि तोफगोळ्यांच्या छर्र्यांना ४५ मिलिमीटरचा पत्रा दाद देत नाही. समोरच्याकडे रणगाडाभेदी काही नसेल किंवा तो पाच-सहा किलोमीटर लांब असेल, तर हा म्हातारा म्हणजे पट्ट्यांवर चालणारी तोफच. टी-३४-८५ या त्याच्या नंतरच्या आवृत्तीची ८५ मिलिमीटरची तोफ साधारण नऊ किलोचा गोळा फेकते. तोच दारूगोळा विमानविरोधी आणि ओढत नेण्याच्या सोव्हिएत तोफांनाही चालायचा, म्हणून त्याचे साठे जगभर उरले.

एक अडचण राहते. लांब मारा करायला नळी ४५ अंशांच्या आसपास उचलावी लागते आणि रणगाड्याची नळी जेमतेम वीस-पंचवीस अंश वर जाते. यावर कोरियन युद्धात शर्मनवाल्यांनी उपाय केला: मातीचा उतार रचायचा आणि रणगाडाच नाक वर करून उभा करायचा. युक्रेनमध्ये रशियाने टी-५४ आणि टी-५५ हे जुने सोव्हिएत रणगाडे बाहेर काढले, तेव्हा त्यांनाही बरंचसं लांबून तोफमारा करण्याचंच काम मिळालं.

खरं सांगायचं तर अशा रणगाड्याला शत्रूआधी हवा मारते. कोकणात ज्याने दुर्बीण किंवा कॅमेरा पावसाळाभर कपाटात ठेवला, त्याला भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरलेली बुरशी ठाऊक असते. ती काचेवरचा लेप खाते. दुसऱ्या महायुद्धात उष्ण, दमट आघाड्यांवर सैन्यांना याच बुरशीने हैराण केलं होतं. तोफ चालू आणि नेम धरायची काच आंधळी, असा प्रकार. चाकांवरचं रबर तडकतं, वायरिंगचं वेष्टन गळतं. इंजिन मात्र ओव्हरहॉल केलं की पुन्हा धडधडतं.

जुन्यांची आणखी एक जमेची बाजू म्हणजे कमी वजन, आणि तिचा धागा आपल्या दारापर्यंत येतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत पुलांच्या हिशेबासाठी '७० आर' नावाचा भार आहे: पट्ट्यांवर चालणारं ७० टनांचं वाहन, म्हणजे कागदावरचा रणगाडाच. मुंबई-गोवा महामार्गावर वाशिष्ठीसारख्या नद्या ओलांडणारे नवे पूल अशा भाराचा विचार करूनच आखले जातात. टी-३४-८५ भरतो ३२ टन. भारतीय बनावटीच्या अर्जुन रणगाड्याची नवी आवृत्ती ६८ टनांच्या घरात जाते. जिथे पूल जुने आणि रस्ते मातीचे, तिथे हा फरक चिलखतापेक्षा मोठा ठरतो.

काश्मीरच्या युद्धात १ नोव्हेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याच्या ७ लाइट कॅव्हलरी या पलटणीचे जेमतेम १५ टनांचे स्टुअर्ट रणगाडे साडेअकरा हजार फुटांवरच्या झोजिला खिंडीत पोचले. युरोपात ते केव्हाच कालबाह्य ठरले होते. वाटेत कुणाला सुगावा लागू नये म्हणून त्यांचे टरेट (तोफेचे फिरते घुमट) उतरवून नेले होते. समोरच्यांकडे तिथे एकही रणगाडा नव्हता.