जीन टेस्ट की अँटिबॉडी टेस्ट? धाकट्या भावंडाचं रक्त तपासायच्या आधी

माझ्या ताईच्या मोठ्या मुलाला सातव्या वर्षी टाइप 1 डायबिटीस निघाला. त्याआधी महिनाभर तो सारखं पाणी पाणी करत होता, कधीच बंद झालेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं, गाल बसले, आणि आम्ही सगळे म्हणत होतो मे महिना आहे, मुंबईच्या घामात तहान लागणारच. शेवटी उलट्या आणि श्वास जोरात चालायला लागला तेव्हा ॲडमिट केला, शुगरच्या मीटरवर आकडाच नाही, नुसतं 'हाय', म्हणजे मोजता येईल त्याच्याही वर. आता धाकटी चार वर्षांची आहे. परवा ताईने मला एक रिपोर्ट फॉरवर्ड केला, कुठल्यातरी कंपनीची लाळेची किट घरी मागवलेली, त्यात लिहिलंय टाइप 1 चा जनुकीय धोका जास्त, आणि खाली ताईचा मेसेज, "म्हणजे हिलापण झालाच ना गं?"

नाही झाला. मी परळला एका लॅबमध्ये सॅम्पल घेते, हा गोंधळ मला काउंटरवर बघून बघून पाठ झालाय. जीन टेस्टचा रिपोर्ट म्हणजे निदान असं लोक धरतात आणि अँटिबॉडी टेस्टला "तीच ती डीएनएची" म्हणतात.

ताईला मी हिंदमाताचं उदाहरण दिलं, मुंबईतला पावसात पाणी तुंबणारा सखल भाग. आपलं घर हिंदमाताला तळमजल्यावर आहे का, एवढंच जीन टेस्ट सांगते. पाणी आत्ता कंपाउंडमध्ये शिरलंय का, हे अँटिबॉडी टेस्ट सांगते. सखल भागात राहून वर्षानुवर्षं घरात पाणी न आलेली माणसं आहेतच की.

जीन टेस्टमध्ये मुख्य बघतात ते एचएलए जीन्स. शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींना आपलं कोण आणि परकं कोण हे दाखवायचं काम त्यांच्याकडे असतं, आणि त्यातले डीआर 3 आणि डीआर 4 हे प्रकार टाइप 1 शी सगळ्यात जास्त जोडलेले आहेत. घराण्यातून येणाऱ्या धोक्याचा साधारण अर्धा भाग या एचएलएचाच. त्यात बाकीच्या छोट्या छोट्या जीन्सची बेरीज मिळवून जेनेटिक रिस्क स्कोअर बनतो. तो जन्मापासून मरेपर्यंत बदलत नाही, एकदाच करायची टेस्ट. पण हे जीन्स असलेल्या बहुतेक मुलांना डायबिटीस होतच नाही. जुळी भावंडं घ्या, अगदी एकसारखी, सगळे जीन्स तेच, तरी एकाला झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असं नाही. सख्ख्या भावंडाला धोका 100 मध्ये 5-6 एवढा धरतात, घरात कोणालाच नसेल तर 300 मध्ये 1 च्या आसपास, आकडे युरोप-अमेरिकेतले आहेत. आणि नव्याने टाइप 1 निघालेल्या 10 मुलांपैकी जवळपास 9 जणांच्या घरात आधी कोणालाच नसतो, हे आपल्याकडे कोणी सांगतच नाही, सगळे आईच्या माहेरात शोधत बसतात! तो जेनेटिक रिस्क स्कोअर मुळात युरोपियन लोकांवरून बनवलेला. पुण्याच्या केईएमच्या रुग्णांवर तो तपासून 2020 मध्ये अभ्यास आला, आपल्या लोकांतही तो चालतो, पण थोडा कमी अचूक.

अँटिबॉडी टेस्ट रक्तातली. चार मुख्य: इन्सुलिनविरुद्धची, गॅड, आयए-2 आणि झिंक ट्रान्सपोर्टर 8. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर हल्ला सुरू झालाय याची ती खूण. फिनलंड, जर्मनी आणि अमेरिकेतल्या मुलांचा एकत्रित अभ्यास 2013 मध्ये आला होता, त्यात दोन किंवा जास्त अँटिबॉडी असलेल्या मुलांपैकी साधारण 70 टक्क्यांना 10 वर्षांच्या आत डायबिटीस झाला, एकच असेल तर 15 टक्क्यांच्या आसपास. केवढा फरक आहे बघा. म्हणून 2015 पासून दोन अँटिबॉडी म्हणजे स्टेज 1 असंच म्हणतात, शुगर अगदी नॉर्मल असली तरी. शुगर बिघडायला लागली की स्टेज 2, आणि आपण ज्याला डायबिटीस म्हणतो तो स्टेज 3.

पण आज निगेटिव्ह म्हणजे कायम निगेटिव्ह नाही. धोक्यातल्या मुलांत अँटिबॉडी पहिल्यांदा यायचं प्रमाण 9 महिने ते 2 वर्षं या वयात सगळ्यात जास्त, नंतरही येऊ शकतात, म्हणून टेस्ट परत करावी लागते. पॉझिटिव्ह आली तर दुसरं सॅम्पल घेऊन खात्री करायची. आईला टाइप 1 असेल तर तान्ह्या बाळात आईच्याच अँटिबॉडी दिसतात. आणि ज्याला इन्सुलिनची इंजेक्शनं चालू झाली त्याची इन्सुलिन अँटिबॉडी बघून उपयोग नाही, ती इंजेक्शनमुळेही येते.

मग जीन टेस्ट बिनकामाची का? नाही. हजारो नवजात बाळांतून कोणावर लक्ष ठेवायचं हे निवडायला ती फार कामाची, टेडी नावाच्या मोठ्या अभ्यासात तशीच मुलं निवडली, आणि जीन्स, अँटिबॉडी आणि घरातला इतिहास तिन्ही एकत्र धरले की अंदाज जास्त बरोबर येतो असं त्यातूनच दिसलं. पण एका घरातल्या एका मुलीसाठी, जिच्या भावाला आधीच आहे, तिथे मी पैसे अँटिबॉडीवरच घालीन. कारण त्यावर काहीतरी करता येतं: आईबाप सावध होतात, पोर आयसीयूत जाण्याआधी डॉक्टरकडे पोचतं, आणि टेप्लिझुमॅब नावाचं औषध 2022 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं ते स्टेज 2 मधल्या 8 वर्षांपुढच्यांसाठी, चाचणीत त्याने आजार साधारण दोन वर्षं पुढे ढकलला. नुसत्या जीन रिपोर्टवर ते देत नाहीत.

डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन रविवारी मी स्वतःच धाकटीचं रक्त घेतलं. चारही निगेटिव्ह. ताईने विचारलं, आता संपलं ना? मी म्हटलं डॉक्टर सांगतील तेव्हा परत करायची, आणि मधे कधीही तहान आणि बाथरूमच्या फेऱ्या वाढल्या तर माझ्या फोनची वाट बघू नकोस, घरात दादाचा मीटर आहे, त्याच दिवशी बोटातून शुगर बघ.