वाळू न घालता काँक्रीट

मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर, म्हणजे छोट्या रेल्वेच्या देखाव्यात, काँक्रीटच्या पुलाचा खांब करायला घेतला की पहिल्यांदा हेच डोक्यात येतं, काँक्रीट खरबरीत असतं ना, मग रंगात थोडी वाळू घालू. मीपण घातली होती, आणि खांबाला दगड चिकटवल्यासारखे दिसायला लागले. हिशोब केल्यावर कळलं का ते. माझं मॉडेल एचओ स्केलचं, म्हणजे 1:87, सगळं खऱ्यापेक्षा 87 पट लहान, म्हणून वाळूचा अर्ध्या मिलीमीटरचा कण तिथे चार सेंटीमीटरहून मोठा दगड होतो! उलट खऱ्या काँक्रीटमधला 1 मिमीचा कण या स्केलला जेमतेम 11-12 मायक्रॉनचा, म्हणजे साधारण 0.01 मिमीचा, आणि एक फुटावरून आपल्या डोळ्याला 0.1 मिमीहून बारीक काही सुटं दिसतच नाही. म्हणून पृष्ठभाग जवळजवळ गुळगुळीतच हवा, फक्त चमक अजिबात नको. ॲक्रिलिक रंगात चिमूटभर टाल्कम पावडर घातली की तिचे बारीक कण उजेड सगळीकडे विखुरतात आणि चमक जाते, मला तरी यापेक्षा सोपी युक्ती माहीत नाही.

रंगाचं म्हणाल तर काळा अधिक पांढरा करू नका, तो राखाडी निळसर वाटतो. सिमेंटचा करडेपणा मुख्यतः त्यातल्या लोहामुळे येतो, पांढऱ्या सिमेंटमध्ये लोह अगदी कमी असतं. त्यामुळे पांढरट राखाडीत थोडा मातकट रंग मिसळा.

पण खरी मजा डागांत आहे, आणि डाग म्हणजे पाणी कुठून वाहिलं त्याचा नकाशा. भेगेतून झिरपणारं पाणी सिमेंटमधला चुना विरघळवून बाहेर आणतं, तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून कॅल्शियम कार्बोनेट होतो आणि पांढरे ओघळ राहतात. जिथे ओल टिकते तिथे शेवाळ, हिरवट काळं. गंजाचं तर अजूनच भारी आहे, ताजं काँक्रीट इतकं अल्कधर्मी असतं की आतली सळई गंजत नाही, पण वर्षानुवर्षं कार्बन डायऑक्साइड आत मुरत गेला की ते संरक्षण जातं, सळई गंजते, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा खातो आणि काँक्रीट आतून फुटतं. म्हणून तपकिरी ओघळ भेगेपासून किंवा उघड्या सळईपासूनच सुरू करा, मध्येच कुठेतरी काढलेला लगेच खोटा वाटतो.

आता अडचण अशी की पाणी काही स्केलमध्ये लहान होत नाही. पातळ रंगाचा 2 मिमीचा थेंब म्हणजे मॉडेलवर सतरा सेंटीमीटरचं डबकं, पृष्ठताणामुळे तो गोळा होऊन बसतो आणि वाळला की कडेला गोल डाग ठेवतो. भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब घातला की पृष्ठताण कमी होतो आणि रंग नीट पसरतो. प्लास्टर ऑफ पॅरिस असेल तर आधी ओलं करून घ्या, नाहीतर त्याची सूक्ष्म छिद्रं रंग जागच्या जागी शोषून घेतात.

शटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या, फळ्यांच्या रेषाही कोरा, 15 सेंटीमीटरची फळी इथे 1.7 मिमी, आणि अगदी हलक्या हाताने. आणि पुलाच्या कडेखाली जिथे पाऊस पोचतच नाही तिथे ओघळ काढूच नका, तो पट्टा कोराच राहू द्या.