कॅलिफोर्नियातल्या विवाह-थेरपिस्टांचे नियम कुठून आले

कॅलिफोर्नियात विवाह आणि कुटुंब थेरपिस्ट म्हणून पाटी लावायची तर मास्टर्सची पदवी हवी, देखरेखीखाली ३,००० तासांचं काम हवं आणि दोन परीक्षा पास व्हायला हव्यात. २०१६पासून यातली पहिली परीक्षा कायदा आणि व्यावसायिक नीतीची असते. उपचार कसे करता, ही परीक्षा त्यानंतर. लायसन्स हातात पडल्यावरही सुटका नाही. दर दोन वर्षांनी ३६ तासांचं शिक्षण घ्यावं लागतं आणि त्यातले ६ तास पुन्हा कायदा आणि नीतीचेच.

हे नियम सलग वाचले तर कंटाळा येतो, पण जवळजवळ प्रत्येक कलमामागे एखादा खटला किंवा एखादी बेअब्रू दडलेली आहे. आणखी एक गोष्ट लक्षात येते. यातले बरेच नियम मानसोपचारतज्ज्ञाच्या खोलीतून उचललेले आहेत, जिथे डॉक्टरसमोर एकच माणूस बसतो. नवरा-बायको शेजारी शेजारी येऊन बसले की तेच नियम कुरकुरायला लागतात.

सुरुवात तर नियमांशिवायच झाली. १९३० साली पॉल पोपेनो नावाच्या गृहस्थांनी लॉस एंजेलिसमध्ये कौटुंबिक संबंधांची एक संस्था काढली. अमेरिकेत विवाह-समुपदेशनाचा धंदा घरोघरी पोचवणाऱ्यांत त्यांचं नाव आधी घ्यावं लागतं. शिक्षण म्हणाल तर कॉलेज अर्ध्यावर सोडलेलं, 'डॉक्टर' ही उपाधी मानद पदवीमुळे लागलेली. तरुणपणी ते खजुराच्या झाडांचे जाणकार होते, नंतर सुप्रजननवादाचे कडवे पुरस्कर्ते झाले. 'अयोग्य' ठरवलेल्या माणसांची सक्तीने नसबंदी करावी, असं ते जाहीरपणे लिहीत. 'योग्य' माणसांची लग्नं टिकली पाहिजेत, ही त्याच विचाराची दुसरी बाजू होती. म्हणजे समोरच्या जोडप्याचं भलं हे एकमेव उद्दिष्ट नव्हतंच. डोळ्यांसमोर वंशाचं भलं होतं. आजच्या नियमांनुसार पोपेनोंना परीक्षेचा अर्जसुद्धा भरता आला नसता.

न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियातही त्याच सुमारास अशी केंद्रं निघाली, तीही डॉक्टरांच्या आणि संततिनियमनाच्या चळवळीतल्या लोकांच्या हातून. १९४२ साली विवाह-समुपदेशकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. पण संघटना फार तर सभासदत्व काढून घेईल. रस्त्यावर पाटी लावून बसलेल्या भोंदूला ती काय करणार? तो प्रश्न कॅलिफोर्नियाने १९६३ साली कायद्याने सोडवला आणि विवाह, कुटुंब आणि बालसमुपदेशकांना लायसन्स सक्तीचं केलं. असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य. बाकीच्यांनी घाई केली नाही. पन्नासही राज्यांत असे कायदे व्हायला २००९ उजाडलं.

१९६३चा हा कायदा आला तेव्हा घटस्फोटासाठी कुणाचा तरी दोष सिद्ध करावा लागे. १ जानेवारी १९७०पासून कॅलिफोर्नियात ती अट गेली. लग्न वाचवणं हेच समुपदेशकाचं काम, ही समजूत त्यानंतर टिकणं अवघड होतं. आज राष्ट्रीय संघटनेच्या नीतिसंहितेत स्पष्ट लिहिलेलं आहे की एकत्र राहायचं की वेगळं व्हायचं, हा निर्णय क्लायंटचा आहे आणि थेरपिस्टने तसं त्यांना सांगायला हवं. पोपेनोंपासून इथवरचं हे अंतर मला कुठल्याही खटल्यापेक्षा मोठं वाटतं.

तरी खटल्यांशिवाय ही कथा पुढे सरकत नाही. १९७० साली डॉ. लिफ्शुट्झ नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने एका जुन्या रुग्णाविषयी कोर्टात बोलायला नकार दिला आणि त्यासाठी तुरुंगही पत्करला. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सांगितलं की गुप्ततेचा हक्क रुग्णाचा आहे, डॉक्टरचा नाही. आपली मानसिक अवस्था रुग्णाने स्वतःच दाव्यात आणली असेल, तर डॉक्टरला गप्प बसता येणार नाही.

त्यानंतरचा खटला जगभरच्या अभ्यासक्रमांत आहे आणि त्यातला आरोपी भारतीय होता. प्रोसेनजित पोद्दार हा बंगालमधल्या दलित कुटुंबातला मुलगा १९६७ साली बर्कलीच्या विद्यापीठात नौकाबांधणीच्या उच्च शिक्षणासाठी आला. तिथे तातियाना तारासॉफ या तरुणीशी त्याची ओळख झाली. तिच्या मोकळ्या वागण्याचा त्याने भलताच अर्थ लावला, तिने नाही म्हटल्यावर तो खचला आणि विद्यापीठाच्या रुग्णालयात उपचार घेऊ लागला. १९६९च्या उन्हाळ्यात त्याने मानसशास्त्रज्ञ डॉ. मूर यांना सांगितलं की ती ब्राझीलहून परतली की मी तिला मारणार. मूर यांनी विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलं. पोलिसांनी त्याला ताब्यात घेतलं, तो शहाण्यासारखा बोलला, तिच्यापासून लांब राहीन म्हणाला आणि सुटला. वर मूर यांनी पोलिसांना दिलेलं पत्र विभागप्रमुखांनी परत मागवलं आणि आता पुढे काही करू नका, असा आदेश दिला. तातियानाला किंवा तिच्या आईवडिलांना कुणी एका शब्दाने सावध केलं नाही. २७ ऑक्टोबर १९६९ रोजी पोद्दारने तिचा खून केला.

आईवडिलांनी विद्यापीठावर दावा लावला. १९७४ साली न्यायालय म्हणालं की थेरपिस्टने संभाव्य बळीला सावध करायला हवं होतं. त्यावर गदारोळ झाला, फेरसुनावणी झाली आणि १९७६च्या निकालात कर्तव्य आणखी रुंद झालं: सावध करा, पोलिसांना कळवा, जे लागेल ते करा, पण त्या माणसाचं रक्षण करा. न्यायमूर्ती टोब्रिनर यांचं वाक्य प्रसिद्ध आहे, की जिथे लोकांना धोका सुरू होतो तिथे गुप्ततेचा हक्क संपतो. पोद्दारची शिक्षा मात्र ज्यूरीला दिलेल्या सूचनांतल्या चुकीमुळे रद्द झाली आणि भारतात परत जाण्याच्या अटीवर तो सुटला. १९८५ साली विधिमंडळाने या कर्तव्याला कुंपण घातलं: धमकी गंभीर शारीरिक हिंसेची हवी आणि बळी कोण ते ओळखता यायला हवं.

विवाह-थेरपिस्टांची झोप खऱ्या अर्थाने उडवली ती २००४च्या गोल्डस्टीन प्रकरणाने. इथे प्रतिवादी विवाह आणि कुटुंब थेरपिस्टच होता. धमकीची गोष्ट त्याला रुग्णाने नाही, रुग्णाच्या वडिलांनी सांगितली होती. कायद्यात तर 'रुग्णाने सांगितलं तर' असे शब्द होते. अपील न्यायालयाने म्हटलं की उपचाराला मदत व्हावी म्हणून जवळचा नातेवाईक सांगतो, तेही रुग्णाने सांगितल्यासारखंच. मनोविकारतज्ज्ञाला नातेवाइकांचे फोन अधूनमधून येतात. कुटुंबाचे उपचार करणाऱ्याकडे तर ते रोजचेच. आपल्याकडची कुटुंबं डोळ्यांसमोर आणा. मामा, मोठी नणंद, सासूबाई, सगळ्यांकडे थेरपिस्टला सांगण्यासारखं काहीतरी असतंच.

बालकांच्या छळाबाबत कायदा याहून सरळ आहे. १९८०पासून संशय आला तरी लगेच फोनने कळवायचं आणि ३६ तासांत लेखी अहवाल द्यायचा. पुरावा गोळा करणं थेरपिस्टचं काम नाही, आणि वरिष्ठ नको म्हणाले ही सबबही चालत नाही.

आता त्या कुरकुरीकडे. समजा, जोडपं सहा आठवडे येतंय आणि एक दिवस नवरा एकटाच फोन करून सांगतो की माझं बाहेर प्रकरण चालू आहे, तिला सांगू नका. संघटनेची संहिता म्हणते की जोडप्यातल्या एकाने एकांतात सांगितलेली गोष्ट त्याच्या लेखी परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगता येत नाही. सांगायची नाही, तर दर आठवड्याला त्या बायकोसमोर बसून 'विश्वास' या विषयावर बोलायचं कसं? लिफ्शुट्झ आणि तारासॉफ प्रकरणांत याचं उत्तर सापडत नाही, कारण तिथे खोलीत एकच रुग्ण होता. उत्तर या व्यवसायाने स्वतः शोधलं. अनेक थेरपिस्ट पहिल्याच भेटीत दोघांची सही घेतात: मला एकट्याने सांगितलेलं मी गरज पडल्यास दुसऱ्यासमोर काढू शकते, गुपितं सांभाळणार नाही. काही जण उलट धोरण ठेवतात. दोन्ही चालतं, आधी सांगितलेलं नसणं चालत नाही. मला पहिली रीत जास्त प्रामाणिक वाटते, जरी त्यामुळे काही गोष्टी कधीच बोलल्या जाणार नाहीत.

कोर्टात हाच पेच वेगळ्या रूपात येतो. घटस्फोटाचा दावा लागला की एकाचा वकील थेरपिस्टच्या नोंदी मागवतो. कॅलिफोर्नियाच्या पुरावा कायद्यानुसार गुप्ततेचा हक्क दोघांचाही असतो आणि एकाने तो सोडला म्हणून दुसऱ्याचा जात नाही. एकाच्या सहीवर अख्खी फाइल बाहेर काढणारा थेरपिस्ट अडचणीत येतो. मुलांचा ताबा कुणाला द्यावा, यावर शिफारस करणं हे उपचार करणाऱ्याचं काम नाही. त्यासाठी वेगळा मूल्यमापक असतो.

लैंगिक संबंधांच्या नियमावर फार वाद नाही, पण तो यायला उशीर लागला. क्लायंटशी असा संबंध कॅलिफोर्नियात फौजदारी गुन्हा आहे. आधीच्या थेरपिस्टने असं काही केल्याचं कुणी सांगितलं, तर नव्या थेरपिस्टने त्याला राज्याने छापलेली माहितीपुस्तिका द्यावीच लागते. उपचार संपल्यावर किती काळ थांबायचं? राज्याचा कायदा दोन वर्षं म्हणतो. राष्ट्रीय संघटनेनेही पूर्वी दोनच वर्षं ठेवली होती. २०१५च्या संहितेत तिने ती मुदतच काढली आणि कायमची मनाई केली. ही मनाई क्लायंटच्या कुटुंबीयांनाही लागू आहे.

सध्याची नवी अडचण पडद्यावरच्या भेटींची आहे आणि इथे मराठी माणसांचा थेट संबंध येतो. भारतात विवाह-समुपदेशकासाठी असं वेगळं लायसन्स नाही. १९८४च्या कायद्याने कुटुंब न्यायालयांना समुपदेशक मिळाले, पण खासगी पाटी लावणाऱ्याला ३,००० तास मोजून दाखवावे लागत नाहीत. सॅन होजे किंवा फ्रीमाँटमधल्या जोडप्याला सासरचा विषय मराठीत बोलायचा असतो, म्हणून ते पुण्यातल्या समुपदेशकाला व्हिडिओवर गाठतात. कॅलिफोर्नियाचा नियम सांगतो की क्लायंट राज्यात बसलेला असेल तर त्याच्यावर मानसोपचार करणाऱ्याकडे कॅलिफोर्नियाचं लायसन्स हवं, मग तो स्वतः जगात कुठेही बसो. उलट तेच जोडपं महिनाभर पुण्याला आलं, तर सॅन होजेच्या थेरपिस्टला तिथला कायदा काय परवानगी देतो ते आधी बघावं लागतं. म्हणूनच व्हिडिओवरच्या प्रत्येक सत्रात क्लायंटचं पूर्ण नाव आणि तो या क्षणी कोणत्या पत्त्यावर आहे, हे तोंडी विचारून लिहून ठेवणं थेरपिस्टवर बंधनकारक आहे.